उबेचा पाळणा

दुपारच्या शांततेत पाळणा हलकेच टिकटिकला. झोपेत बाळाचा श्वास मंदावला होता. पाळण्याने त्याला जरासं हलवलं आणि त्याची छाती पुन्हा नीट वरखाली होऊ लागली. हे पाळणे आल्यापासून झोपेत कुणाचं मूल जात नव्हतं.

शेजारच्या पलंगावर वृंदा हात पसरून पडली होती. एकदा तरी बाळाला या हातावर घेऊन झोपावं, असं तिला रोज वाटे. पण तिचा थोरला भाऊ तान्हा असताना असाच आईशेजारी झोपला होता, तो उठलाच नाही.

"तुझ्या वेळी मी वर्षभर धड झोपले नाही गं," आई सांगायची. "ठेव त्याला पाळण्यात."

पाळण्यात ऐकू येणारे, भरून ठेवलेले ठोके वृंदाच्याच काळजाचे होते. ऊब तिचीच, दुधाचा वासही तिचाच.

बाळ किरकिरलं. तिने उचलून उराशी धरलं, तसं ते मान वळवून पाळण्याकडे झेपावलं. आत ठेवताच गप्प झालं.

"लबाड कुठला," वृंदा हसून म्हणाली, पण हसू टिकलं नाही.

चार वर्षांची जुई पाळण्यावर वाकून कान देत होती.

"आई, तू इथे बाहेर आहेस, हे बाळाला माहितेय का?"