ओकुनोंची नोकरी

आज विचारलं नाही तर राहूनच जाईल, असं किनुए तिसऱ्यांदा मनाशी म्हणाली.

समोरच्या काळ्या दगडावर कंपनीचं नाव कोरलेलं होतं. आरिमुरा औषध कंपनीत कामावर असताना जी माणसं वारली, त्यांच्या अस्थी त्या दगडाखाली होत्या. त्यांतच तिचा नवरा, तामोत्सु ओकुनो. तो घरात धाकटा. वाडवडिलांच्या थडग्यात थोरल्याला जागा, धाकट्याला नाही. म्हणून कंपनीने ही जागा देऊ केली तेव्हा किनुए कृतज्ञतेने कमरेतून वाकली होती. आता डॉक्टरांनी तिला पुढच्या वसंताचं काही सांगता येत नाही म्हटलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या अस्थीही इथंच, त्याच्याशेजारी ठेवाव्यात.

मुलीने गावातल्या देवळात अस्थींसाठी जागा घेते म्हटलं होतं. "दोघांपुरती घेईन," ती म्हणाली होती, "पण बाबा कामावरून यायचे नाहीत."

भिक्षूंचं पठण संपलं. कोया डोंगरावरच्या उंच झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष उठले आणि दरवर्षीप्रमाणे कंपनीचा इतिहास सांगू लागले. ओसाकाच्या गल्लीतलं पोटदुखीच्या पुड्यांचं दुकान. युद्धानंतर राखेतून उभा केलेला कारखाना. किनुएला तो पाठ होता. फक्त तिच्याकडे तो वेगळा लिहिला गेला होता.

"त्या वर्षी आपण प्रतिजैविकाची पहिली मोठी टाकी लावली," अध्यक्ष म्हणाले.

त्या वर्षी तिला मुलगी झाली. टाकीतली बुरशी नासू नये म्हणून तामोत्सु कारखान्यातच झोपत होता. नाव ठेवून झाल्यावर त्याने पोरीचं तोंड पाहिलं.

"मग आपल्या अल्सरच्या गोळीने सारा देश जिंकला."

तेव्हा सासू गेली. तिच्या ओठांना शेवटचं पाणी किनुएने लावलं. ते मुलाने लावायचं असतं.

"आणि मग आपण समुद्र ओलांडून तैवानात कारखाना उभारला."

तिकडे तामोत्सु एकटाच गेला. बायकामुलांना नेण्याची पद्धत नव्हती. परत आला तेव्हा पोरगी दारात त्याला म्हणाली, "या, बसा. आई आत आहे."

निवृत्ती तोंडावर आली होती. दोघांनी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जायचं ठरवलं होतं. तो प्रयोगशाळेतच कोसळला.

"आरिमुरा हे एक कुटुंब आहे," असं म्हणून अध्यक्ष थांबले. सगळ्यांनी माना लववल्या.

"कुटुंब म्हणे," शेजारच्या खुर्चीवरची हारुयो, तीही विधवाच, कुजबुजली. "आमचे हे घरी आले की कुत्रं भुंकायचं."

किनुएला हसू आलं. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

समारंभ आटोपल्यावर मुरोई चहा घेऊन आला. तामोत्सुच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस आता कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होता.

"वहिनी, वारा गार आहे. आधी हे घ्या."

तिने पेला हातात घेतला आणि जे विचारायचं होतं ते विचारलं.

"वहिनी, माझ्या हातात असतं तर तुम्हाला मागावंही लागलं नसतं. पण नियम आहे. ही जागा फक्त कंपनीच्या माणसांची."

"आणि डबा कोण करून देत होतं?"

"मला माहीत आहे. त्यातलं अर्धं मीच खायचो." तो म्हणाला. "दुसऱ्या एका बाईंसाठी मी वर विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं, जोवर माणूस कंपनीचा आहे तोवर तो इथं. त्याची बायको नाही."

किनुए दगडाकडे बघत राहिली. उदबत्त्यांचा धूर त्यावरून सरकत होता. आरिमुरा सोडून कुणी गेल्याचं तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. ही नोकरी सोडा, असं तिने तामोत्सुलाही कधी म्हटलं नव्हतं. म्हणावंसं मात्र पुष्कळदा वाटलं होतं.

तिने चहाचा पेला मुरोईच्या हातात परत दिला. किमोनोची गळपट्टी सारखी केली. मग नवऱ्याच्या कचेरीत आल्यावर बाईने वाकावं तशी ती मुरोईपुढे खाली वाकली.

"तर मग त्यांचा राजीनामा घ्या," ती म्हणाली.