एक आठवडा

बाटलीतलं शेवटचं पाणी संपवून आईने ती लेकीच्या दप्तरात कोंबली आणि म्हणाली, "आता माझ्या पोटात मासे सोडले तरी जगतील."

"बाथरूमला मात्र जायचं नाही हं, ताई," काउंटरमागची बाई मान वर न करता म्हणाली. "लघवी तुंबलेली असली तरच सोनोग्राफीत नीट दिसतं."

आई पाय आवळून बसली. बाबा खिडकीपाशी उभे होते, कानाला फोन लावून. विमा कंपनीची तीच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. मधूनच एक गोड आवाज सांगायचा, तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.

"मोलाचा आहे म्हणे," बाबा पुटपुटले. "उचला की मग."

लेक शाळेच्या गणवेशातच आली होती. शाळेत वादविवादात पहिली आल्यापासून घरात कसलाही कागद आला की तीच वाचायची, आणि वाचायची ती शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. आता पॉलिसी तिच्या मांडीवर होती.

"बाबा, ठेवा तो फोन. मी सांगते. नुसत्या सोनोग्राफीचे पैसे मिळत नाहीत. पण तिच्यात काही निघालं आणि त्यासाठी आई ॲडमिट झाली, तर ऑपरेशनचा खर्च मिळतो. वर आजच्या पावतीचेही पैसे परत."

समोरच्या बाकावरच्या आजोबांनी कान टवकारले. "पोरी, माझी पण वाचून देशील का गं?"

"म्हणजे काहीतरी निघायला हवं," बाबा म्हणाले.

"अहो, मग देवाकडे मागू काय, तेवढं ठरवून सांगा," आई म्हणाली.

आजोबा खो खो हसले. बाबाही हसले, पण फोन कानापासून हलवला नाही. लेकीने पान उलटलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"एक मिनिट. पॉलिसी आपण गेल्या वर्षी घेतली. दुखणं त्याच्या आधीपासूनचं असेल तर दमडी मिळणार नाही." ती आईकडे वळली. "तुझं पोट कधीपासून दुखतंय?"

"मामाच्या लग्नात नाही का मी आतल्या खोलीत जाऊन पडले होते? तेव्हापासून."

"आई, मामाची मुलगी आता चालायला लागली."

"म्हणून तर म्हणते, पुष्कळ दिवस झाले."

"ते विसर आता. डॉक्टरांनी विचारलं तर एक आठवडा म्हणायचं. तू सांगशील ते रिपोर्टात जाणार आणि कंपनी तेच वाचणार. म्हण बघू."

"एक... आठवडा."

"असं अडखळत नाही गं. सहज म्हण. भाजीवालीशी बोलतेस तसं."

"एक आठवडा झाला बघा."

"आत्ता कसं."

बाबांनी आजोबांकडे बघून भुवया उडवल्या. "आमच्या वकीलसाहेब," ते म्हणाले. काउंटरमागच्या बाईने आईचा नंबर पुकारला, तरी कानातली धून संपली नव्हती. बाबा बाहेरच थांबले. लेक आईबरोबर आत गेली.

आत अंधार होता, फक्त पडदा उजळलेला. डॉक्टरबाईंनी आईच्या पोटावर गार जेल लावलं आणि हातातलं यंत्र दाबून फिरवायला सुरुवात केली. तुंबलेल्या पोटावर दाब पडला तशी आई कळवळली.

"सोसा जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग लेकीकडे बघून, "शाळा बुडवून आईला घेऊन आलीस का गं? शहाणी आहेस."

लेक हसली. डॉक्टरबाईंचा हात एका जागी थांबला. पुढे सरकला आणि परत तिथेच आला.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या. "चांगली मोठी आहे. कधीपासून दुखतंय?"

"एक आठवडा झाला बघा."

अगदी सहज आलं. लेकीने शाबासकीसारखा आईचा खांदा दाबला.

"आठवडा? त्याआधी काहीच त्रास नव्हता?"

"नाही."

डॉक्टरबाईंनी खुर्ची आईकडे वळवली. "ताई, मी का विचारते ते ऐका. अशी गाठ दोन-चार वर्षं पोटात असेल, हळूहळू वाढली असेल, तर बहुतेक वेळा एवढं घाबरायचं नसतं. औषध देऊन, लक्ष ठेवून थांबता येतं. पण परवापर्यंत काही नव्हतं आणि आता एकदम एवढी झाली असेल, तर मला वेगळं लिहावं लागेल. मग थांबत नाहीत. गर्भपिशवीसकट आतलं सगळं काढायला सांगतात, तेही लगेच. तेव्हा नीट आठवून सांगा."

आईने मान वळवून लेकीकडे पाहिलं. "आई..." लेक म्हणाली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. बाहेरचा उजेड आईच्या उघड्या पोटावर पडला. फोनवर हात धरून बाबा कुजबुजले, "लागला गं एकदाचा. काय निघालं, कधीपासून आहे, विचारतायत."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे.

"एक आठवडा," ती म्हणाली. जराही न अडखळता.

डॉक्टरबाई पडद्याकडे वळल्या. कळफलक वाजू लागला. आईने अंधारात चाचपडत लेकीचा हात शोधला आणि हळूच विचारलं,

"बरोबर बोलले ना गं?"