लागलेला गंधार

मिरजेच्या संगीत महोत्सवात गायकांचे गळे तपासायचं काम दुर्गाबाईंकडे होतं. घशात सूरयंत्र बसवून गाणारे हल्ली फार बोकाळले होते. त्यात वैजयंती कागवाडेचा गंधार असा काही लागला, की मंडपात कुजबुज सुरू झाली.

गाणं थांबवून बाईंनी तिचा गळा दोनदा तपासला. यंत्र नव्हतं. तसं त्यांनी जाहीरही केलं, पण लोकांना पटेना. खरं तर बाईंनाही पटेना.

“इतका सच्चा सूर लागतो का गं कुणाचा?”

“वीस वर्षं घासलाय, बाई,” वैजयंती म्हणाली.

ती पुन्हा गायला बसली आणि तिने गंधार मुद्दाम किंचित उतरा लावला.

लोकांचा संशय फिटला. मंडप टाळ्यांनी दणाणला. दुर्गाबाईंना मात्र हात उचलवेना.