मूळचा यंत्रमानव

लहानपणीची आवडती अंतराळ-मालिका नव्या रूपात आली, म्हणून कमळाकरांनी नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये सगळ्या घराला टीव्हीपुढे बसवलं आणि पहिल्या मिनिटापासून कुणाला ती धड पाहू दिली नाही. "हा कसला यंत्रमानव? चालतो बघ, रुसलेल्या व्याह्यासारखा. आमच्या वेळच्याचे डोळे कसे हिरवेगार होते." नात मनस्वी आ वासून पडद्याऐवजी आजोबांकडेच बघत होती.

ओवे गावाहून आलेल्या थोरल्या बहिणीला, गोदूआक्काला, शेवटी राहवलं नाही.

"कमळ्या, तू कदी बघितलास रं त्याला? घरात बसून आमी बघायचो. तू दर रविवारी कौलांवर, अँटेना धरून उभा."

मनस्वीने आजोबांकडे रोखून पाहिलं.


"म्हणून तर सांगतोय," कमळाकर म्हणाले, "कौलांवरून मला जो दिसायचा, त्याची सर याला नाही."