कीर्तन थांबवा

रायनने तिसऱ्यांदा पंख हलवले. शेजारचं प्रवासी विमान ढिम्म. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पंख हलवले की 'माझ्यामागून ये', आणि समोरच्यानेही पंख हलवून हो म्हणायचं, हे कुठल्याही पायलटला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आणि हा बाबा मान वळवून बघायलाही तयार नाही.

मस्कतहून मुंबईला निघालेलं विमान. आत एकशे ऐंशी माणसं. अर्ध्या तासापासून रेडिओ मुका. त्याच्या संथ चालीने चालायचं म्हणून रायनचं लढाऊ विमान नाक वर करून कसंबसं तरंगत होतं. आणखी हळू केलं असतं तर दगडासारखं खाली गेलं असतं. कॉकपिटच्या काचेवर सकाळचं ऊन. आत कॅप्टन बसलाय की त्याच्या मानेवर सुरी धरून दुसराच कोणी, काही कळत नव्हतं.

सात मिनिटांत किनारा. जे काही करायचं ते पाण्यावर असतानाच. एकदा अर्नाळा ओलांडला की खाली वसईची गच्च वस्ती: चंदनसार, आचोळे, गोखिवरे. जळता तुकडा कुठेही पडला तरी कुणाच्या तरी छपरावरच पडणार. त्या छपरांत रायनच्या आईचंही एक होतं.

जमिनीवरून धर्माधिकारी सर खेकसले. विमान पाडायचा हुकूम वरून कुठल्याही क्षणी येईल, क्षेपणास्त्राच्या बटणावर बोट ठेव. विमान वेळेच्या वीस मिनिटं पुढे धावतंय, आणि आतल्या एका बाईच्या नवऱ्याचा निरोप पोलिसांच्या हाती लागलाय. विमान पळवलंय, असं त्यानेच गावच्या ग्रुपवर टाकलंय. त्याचा फोन आता लागत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

रायनने पूर्ण निरोप मागितला. सर भडकले. ही काय पत्रं वाचायची वेळ आहे? पण रायन हटेना, तेव्हा त्यांनी तोडून तोडून वाचलं.

"सेलिनचं विमान पळवलंय. कीर्तन थांबवा. गॉडफ्रे." सर वैतागले. "झालं समाधान? वसईच्या बिचाऱ्यांनी कार्यक्रमसुद्धा रद्द केला."

रायनचं बोट बटणावरून निघालं.

"रद्द नाही, सर. मी तिथलाच आहे. सणाची मिस्सा झाली की चर्चच्या आवारात कीर्तन असतं. कोणी वाटेत असलं की निरोप येतो, थांबवा. आणि पळवलंय म्हणजे नुसतं जोरात हाणलंय. मी सुट्टीवर निघालो की आई हेच सांगते: तू गाडी पळव, तोवर मी कीर्तन थांबवते."

सरांचा आवाज एकदम खाली आला.

"आणि चुकलास तर, रायन?"

रायनने वेग वाढवला. तो त्या विमानाच्या थेट नाकासमोर गेला आणि शेपटीकडून इशाऱ्याचे जळते गोळे सोडले. एक, दोन, तीन. मनात कॅप्टनला येतील तेवढ्या शिव्या हासडल्या.

काचेआड कोणीतरी दचकून उठलं. हात कानावरच्या हेडफोनकडे गेला. मग एक अवाढव्य पंख हळूच झुकला. मग दुसरा. पाठोपाठ घाबरा आवाज आला, माफ करा, रेडिओ भलत्याच चॅनलवर राहिला होता.

रायनला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण ओठांवर आलं ते वेगळंच.

"चल सेलिनबाई," तो पुटपुटला, "सगळे तुझ्यासाठी थांबलेत."