शेवटचा आकडा

जुन्या संगणकाचा दशांशचिन्हापुढचा शेवटचा आकडा नेहमी चुकायचा आणि कारखान्याची सगळी मापं त्या चुकीवरच बेतलेली होती. म्हणून लेकीने नव्या संगणकालाही तीच चूक शिकवली आणि वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. जुना संगणक त्यांनीच उभारला होता.

"बाबा, बघा, अगदी तुमच्या यंत्रासारखा चुकतोय!"

वडिलांचा ऊर भरून आला. "शाबास! आता तेच गणित दोघांना घाल."

लेक बंद असलेल्या जुन्याची विजेची वायर जोडायला वाकली, तोच त्याच्या पडद्यावर उत्तर उमटलं. शेवटच्या आकड्यासकट बरोबर.

"या वयात शिकलं गं माझं यंत्र!" वडील अभिमानाने त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले.

"बाबा, हात काढा," लेक पुटपुटली. "वायर अजून माझ्याच हातात आहे."