हात मागे

"चौथरा झकास झालाय," पाववाला म्हणाला. "पुतळा कधी बसवणार?"

शिल्पकार बाईंनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. "हाच पुतळा आहे, काका. बाजूला भोक आहे ना, त्यात हात घाला. हसरी आत आहे."

हसरी म्हणजे जुन्या संग्रहालयातली दगडी बाई. लढाईत संग्रहालयावर बॉम्ब पडला आणि छप्पर, भिंती, हसरी, सगळ्यांचा मिळून एकच ढिगारा झाला. त्या ढिगाऱ्यातून बाईंनी तिच्या चेहऱ्याचे तुकडे हुडकले, मिळाले तेवढे जोडले, मिळाले नाहीत तिथं खड्डा तसाच ठेवला. मग उरलेल्या चुऱ्यात सिमेंट कालवून हा माणसाएवढा उंच ठोकळा ओतला आणि चेहरा त्याच्या पोटात बसवला. डोळ्यांनी दिसायची सोयच नाही. बघायचं ते हातानं.

पाववाल्यानं वाकून भोकात एक डोळा लावला. "अंधार आहे हो," असं म्हणून तो मागे सरला. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते.

नव्या दालनात उद्घाटनाला जमलेल्या सगळ्यांचेच हात पाठीमागे होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं, अगदी शिस्तीत. ही शिस्त कुणी लावली ते गावात वेगळं सांगायला नको. संग्रहालयाच्या रखवालदाराला अख्खं गाव 'हातमागे' म्हणायचं. हसरीच्या बाजूला उभे राहून ते "हात मागे!" असं काही कडाडायचे, की बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा दचकायचा. गावातली शाळकरी पोरं त्यांच्याच धाकात मोठी झाली, आणि आता टक्कल पडलेली, नातवंडं झालेली तीच पोरं या दालनात उभी होती.

हातमागे म्हणजे शिल्पकार बाईंचे वडील. बापानं गावाला लावलेलं वळण आज लेकीच्या मुळावर उठलं होतं. कुणी हात घातलाच नाही तर तिची सगळी मेहनत मातीत. मग तो नुसता ठोकळाच, टेकून उभं राहण्यापुरता.

नगराध्यक्षांनी भाषण छान केलं. "स्पर्श करा, आपलं आहे ते," म्हणाले आणि स्वतः हात पुढे केला. तेवढ्यात दारात त्यांना हातमागे दिसले. नगराध्यक्षांचा हात झटक्यात कोटामागे गेला.

संग्रहालय पडल्यापासून हातमागे घराबाहेर फारसे पडले नव्हते. आज ते जुना गणवेश घालून आले होते. बटणं चकचकीत होती. गर्दी आपोआप दुभंगली. ते ठोकळ्यापाशी आले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि भोकासमोर थांबले.

"खरी आहे आत? का नक्कल?"

"खरी आहे, बाबा. अर्धीच सापडली."

"आणि लोकांनी हात लावायचा?"

"हो."

"अगं, हाताच्या घामानं दगड काळा पडतो. झिजतो. एवढं तरी ठाऊक आहे ना तुला? जन्म गेला माझा ते सांगण्यात."

"झिजू दे, बाबा," ती म्हणाली. "हातांनी झिजली तर मला वाईट वाटायचं नाही."

हातमागे तिच्याकडे झुकले आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कधीच हात लावला नाही तिला. दालनात कुणी नसतानासुद्धा नाही."

"माहितीये की. म्हणून तर पहिला हात तुमचा. रोज घासून घासून बटणं चमकवता, आज जरा हाताला दुसरं काम द्या."

त्यांनी पाठीमागचं मनगट सोडलं. बाही वर सारली. हात भोकात कोपरापर्यंत गेला आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांचा खांदा हळूहळू हलत होता. "हा कान," ते पुटपुटले. "इथं काही नाही. इथंही नाही. हं, हे नाक." मग खांदा थांबला. ओठांचा एक कोपरा त्यांना सापडला होता, आणि त्यांना नकळत त्यांच्या स्वतःच्या तोंडाचा तोच कोपरा वर गेला. हातमाग्यांना हसताना गावानं आजवर पाहिलं नव्हतं. पाववाल्यानं नगराध्यक्षांना कोपरानं ढोसलं.

बराच वेळ गेला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना पांढरी पूड लागली होती. ती त्यांनी पुसली नाही. डोळे मात्र दुसऱ्या हाताच्या बाहीनं पुसले, चारचौघांत, न लाजता. मग ते ठोकळ्याच्या उजव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी जाऊन ताठ उभे राहिले.

"हात पुढे!"

तोच आवाज. काचा थरथरल्या. सगळे दचकले आणि एकाही माणसाला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"ऐकू येत नाही? हात पुढे! रांगेत या. ढकलाढकली नको. अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा."

नगराध्यक्ष अंगठी ओढायला लागले. ती बोटात घट्ट बसलेली, निघता निघेना. शेवटी निघाली. दोन्ही तळवे शाळेतल्यासारखे पुढे धरून ते हातमाग्यांसमोर उभे राहिले. हातमाग्यांनी तळवे उलटसुलट तपासले, नखं पाहिली आणि मान हलवली.

"घाला आत. पण हळू," ते सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या लेकीनं केलंय ते."